कार्यक्रम संपला, पण वायरी कोण गुंडाळणार?



एरवी आपण या पानावर बियाणे, खत, फवारणी आणि पाण्याच्या पाळ्या यांबद्दल बोलतो. आज विषय थोडा निराळा आहे. पण गावाच्या खिशाशी त्याचा संबंध आहे आणि प्रसंगी माणसाच्या जिवाशीही. विषय आहे वायरींचा. गावातली बेंजो पार्टी, भजनी मंडळ, गणेश मंडळ यांच्या साऊंड सेटला ज्या वायरी लागतात, त्या वायरींचा.

आता गावोगाव एखादा तरी सेट असतोच. कुठे तरुण पोरांनी वर्गणी काढून घेतलेला, कुठे देवस्थानचा, कुठे ग्रामपंचायतीचा. मिक्सर, मशीन, दोन-चार बॉक्स आणि पाच-सहा माईक. सुगी आटोपली की जत्रा, मग लग्नसराई, आषाढात दिंडी, भाद्रपदात गणपती, कार्तिकात काकडा आणि मध्ये कधीही हरिनाम सप्ताह. सेटला वर्षभर उसंत नसते. सेट घेताना मशीन किती वॅटचे, बॉक्स कोणत्या कंपनीचा यावर पारावर चार-चार दिवस चर्चा होते. वायरीचं नाव मात्र कुणी काढत नाही. दुकानदार देईल ती घ्यायची आणि मोकळं व्हायचं.

आणि गंमत बघा, भर कार्यक्रमात दगा देते ती बहुतेक वेळा ही वायरच. गाणाऱ्याने सूर लावला की माईक खरखर करतो. कुणीतरी पळत येऊन वायर हलवतो, जरा वेळ आवाज येतो, पुन्हा जातो. मग मशीन बिघडलं म्हणून ते तालुक्याला दुरुस्तीला जातं. मशीन ठणठणीत असतं. दुखणं वायरीत असतं आणि ते दुखणं मागच्या कार्यक्रमाच्या रात्री, सगळं आवरताना लागलेलं असतं. म्हणून आजचं सांगणं एका वाक्यात सांगायचं तर असं, की वायर वाजवताना मरत नाही, ती आवरताना मरते.

पीळ कुठून येतो?

पीळ म्हणजे काय, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. अंबाडीचा किंवा केकताडाचा दोर वळताना लडीला एका बाजूने पीळ देतात आणि लडी एकमेकींत दुसऱ्या बाजूने वळतात. दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून दोर उकलत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं आपण म्हणतो ते उगीच नाही. दोर जगतो तो पिळावर. वायरीचं मात्र नेमकं उलट आहे. वायर मरते ती पिळानेच.

माईकची एखादी बाद झालेली वायर ब्लेडने उभी चिरून बघा. वरचं आवरण प्लॅस्टिकचं, म्हणजे पीव्हीसीचं. त्याखाली तांब्याच्या केसासारख्या बारीक तारांची जाळी. त्या जाळीच्या आत दोन छोट्या वायरी, आणि त्या प्रत्येकीत पुन्हा बारीक तांब्याच्या तारा. आतल्या दोन वायरींतून आवाज जातो. बाहेरची जाळी कुंपणाचं काम करते. आजूबाजूच्या विजेच्या तारांची घरघर ती आत शिरू देत नाही. कुंपण तुटलं की शेतात जनावर शिरतं, तशी जाळी तुटली की बॉक्समधून घूंऽऽ असा आवाज सुरू होतो.

आता आपण वायर गुंडाळतो कशी? एक टोक मुठीत धरायचं, वायर कोपराखालून आणायची, अंगठ्यावरून न्यायची, पुन्हा कोपराखाली. कासरा गुंडाळावा तशी. हात चालतो भराभर, पण दर वेढ्याला वायरीत एक पूर्ण पीळ पडतो. कोपर ते अंगठा असा एक वेढा साधारण मीटरभराचा. म्हणजे पंधरा मीटरच्या वायरीत एका रात्रीत पंधरा पीळ, आणि सगळे एकाच दिशेचे. शिवाय कोपरावर आणि अंगठ्यावर वायर दर वेळी त्याच त्या जागी मुडपते. पुढच्या कार्यक्रमाला टोक धरून ओढली की ते पीळ गाठी होऊन बसतात. पोरं झटका मारून गाठ सोडवतात आणि त्या झटक्यात आतल्या दोन-चार तारा तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. असं वर्षभर चाललं की एक दिवस वायर मुकी होते.

सुलटा वेढा, उलटा वेढा

यावर उपाय सोपा आहे. जगभरचे साऊंडवाले तो वापरतात आणि त्याला एक पैसा खर्च नाही. एक वेढा सुलटा घालायचा, दुसरा उलटा. सुलट्या वेढ्याने पडलेला पीळ उलट्या वेढ्याने निघतो. जमाखर्च शून्य. पद्धत अशी आहे.

पहिली गोष्ट. वायरीचं एक टोक डाव्या हातात धरा. पिन तळहातापासून वीतभर खाली लोंबू द्या. डावखुऱ्यांनी हात उलटे समजावेत.

दुसरी गोष्ट, सुलटा वेढा. उजव्या हाताने मीटरभर वायर पुढे घ्या आणि सव्वा फूट रुंदीचा गोल करून डाव्या हातात आणून ठेवा. आणताना उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यात वायर जराशी फिरवा, म्हणजे वेढा सपाट बसतो. न फिरवता आणली तर ती आठाच्या आकड्यासारखी वळते. वायर स्वतःच सांगते, बळजबरी करायची नाही.

तिसरी गोष्ट, उलटा वेढा. आता उजवा हात उलटा करा, म्हणजे अंगठा खाली आणि तळहात बाहेरच्या बाजूला. तशीच वायर धरा आणि डाव्या हाताकडे आणताना मनगट सरळ करा. या वेढ्यात वायरीचा पुढचा भाग गोलाच्या आतल्या बाजूने येतो. मग पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा. लोकरीचं विणकाम करणाऱ्या ताईंना हे लवकर समजेल, कारण त्याही टाके सुलट-उलट घालतात.

शेवटची गोष्ट. उरलेलं टोक वेढ्यांच्या मधून ओवू नका. तिथेच बहुतेकांची चूक होते. टोक मधून गेलं तर उलगडताना दर दुसऱ्या वेढ्याला एक गाठ बसते आणि मग म्हणतात, ही पद्धतच खोटी. दोन्ही पिना बाहेरच्या बाजूला लोंबत्या ठेवा आणि तिथेच बांधा.

नीट गुंडाळली की नाही, याची परीक्षाही सोपी आहे. एक टोक हातात धरून वेटोळं जमिनीवर फेका. वायर सापासारखी सरळ पसरली तर काम पास. कुठे गाठ बसली तर पुन्हा करा. पहिल्या दिवशी हात अडखळतो. बागेला पाणी द्यायच्या प्लॅस्टिकच्या पाइपवर चार वेळा सराव केला की पोरासोरांनाही जमतं.

मिक्सरकडे जाणारी जाड वायर किंवा लांबलचक मेन लाईन हातात मावत नाही. ती जमिनीवर ताडपत्री पसरून तिच्यावर इंग्रजी आठाच्या आकड्यात टाकत जा. आठाच्या एका गोलात पडलेला पीळ दुसऱ्या गोलात सुटतो. तत्त्व तेच आहे.

ज्या वायरी आजवर कोपरावर गुंडाळल्या, त्यांचं काय करायचं? त्या लगेच ऐकणार नाहीत. सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास पूर्ण पसरून ठेवा. आवरण नरम झालं की एक टोक मोकळं सोडा आणि दुसऱ्या टोकाकडून हात फिरवत या. साठलेला पीळ मोकळ्या टोकाने निघून जातो. मग नव्या पद्धतीने गुंडाळा. दोन-तीन वेळा असं केलं की वळण लागतं. भर दुपारच्या उन्हात मात्र वायर टाकून ठेवू नका. ऊन सतत लागलं की पीव्हीसी कडक होतं आणि तडकतं.

आधी काय, मग काय

आवरायला एक क्रम हवा. आधी मिक्सरवरचे सगळे आवाज खाली घ्या. मग मशीन बंद करा, मग मिक्सर. त्यानंतर मेन बंद करून थ्री-पिन काढा. हे झाल्याशिवाय एकाही वायरीला हात लावायचा नाही. चालू मशीनवर पिन उपटली की बॉक्समध्ये धाडकन आवाज होतो आणि बॉक्सचा पडदा फाटायची भीती असते.

पिन काढताना पिनच धरायची, वायर ओढायची नाही. कॅनन पिनला खटका असतो, तो दाबून काढायची. पी-३८ असली तरी शेपटी ओढायची नाही. डाख दिलेली जागा पिनच्या आतच असते आणि ओढाताणीने सुटते ती तीच.

मग ओलसर फडकं घ्या आणि वायर गुंडाळता गुंडाळता फडक्यातून ओढा. एका कामात दोन कामं होतात. गुलाल, माती, चहा पुसला जातो आणि हाताला चीर, फुगवटा, मऊ पडलेली जागा लागते. पुसायला रॉकेल किंवा डिझेल वापरू नका. त्याने आवरण खराब होतं. पावसात भिजलेली वायर सावलीत वाळवूनच ठेवा.

दोष सापडला की त्याच क्षणी त्या वायरीला लाल चिंधी बांधून ती बाजूला ठेवा. आजारी जनावर आपण कळपात सोडत नाही, मग आजारी वायर चांगल्या वायरींत कशाला टाकायची? दुसऱ्या दिवशी मीटर लावून तपासा. कॅनन पिनला तीन टोकं असतात. एका बाजूची पहिली दुसऱ्या बाजूच्या पहिलीला, दुसरी दुसरीला, तिसरी तिसरीला लागली पाहिजे. तपासताना टोकाजवळ वायर हलवून बघा. तुटका डाख तेव्हाच सापडतो.

आणखी एक गोष्ट. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्याला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. ठरावीक दिवशी शासन सवलत देतं, तेवढीच. म्हणजे एरवी दहाला आवाज बंद झाला की आवरायला रात्र मोकळी असते. सहा माईकच्या वायरी नीट गुंडाळायला दोन माणसांना पंधरा-वीस मिनिटं पुरतात. घाई करायचं कारण नाही.

बांधायचं कशाने, ठेवायचं कुठे?

सायकलच्या ट्यूबची रिंग किंवा रबर बँड लावू नका. उन्हाळ्यात रबर विरघळून वायरीला चिकटतं. चिकटपट्टीनेही गुंडाळू नका, तिचा डिंक राहतो आणि त्यावर धूळ बसते. सर्वांत चांगली आणि फुकटची गोष्ट म्हणजे जुन्या सुती कापडाची नाडी. ती वायरीच्या एका टोकाला पिनजवळ कायमची बांधून ठेवा. सुटी ठेवली तर हरवते. नाडीची साधी सुरगाठ मारा, आवळून बांधू नका. लांबीप्रमाणे नाडीचा रंग ठरवा. पाच मीटरला पांढरी, दहाला निळी, पंधराला पिवळी. मग अंधारातही शोधाशोध नको.

आता ठेवण्याची जागा. हा भाग शेतकऱ्यांनी नीट वाचावा, कारण इथे चूक आपल्याच सवयीची असते. रिकामी गोणी दिसली की त्यात सामान भरायचं. वायरी भरल्या जातात त्या खताच्या गोणीत! गोणी कितीही झटकली तरी शिवणीत खताचे कण राहतात. खत हवेतला ओलावा ओढून घेतं, हे तुम्ही पावसाळ्यात युरियाचे खडे झालेले पाहून जाणताच. तो खारट ओलावा पिनांवर बसला की तांबं-पितळ हिरवं पडतं. सोसायटीच्या खताच्या गोदामात सेट ठेवला तरी तेच. गंधकाची पावडर असेल तर तांबं काळं पडतं.

गोठ्याच्या माळ्यावर ठेवणंही बरं नव्हे. जनावरांच्या मुताचा जो उग्र वास नाकाला झोंबतो, तो अमोनियाचा. हा अमोनिया तांबं-पितळेचा वैरी आहे. इंग्रजांच्या काळी हिंदुस्थानातल्या पलटणी पावसाळ्यात बंदुकीची काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवीत. पावसाळा संपल्यावर बघावं तर पितळेच्या नळ्यांना चिरा गेलेल्या. कारण कळायला पुष्कळ वर्षं गेली. १९२१ मध्ये शास्त्रज्ञांनी उलगडा केला की घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि नळी घडवताना धातूत राहिलेला ताण यांनी मिळून हा घोळ केला होता. तुमच्या वायरीची पिन लगेच चिरेल असं नाही, पण गोठ्यात तिला सुख नाही एवढं नक्की.

मग जागा कोणती? कोरडी, हवेशीर, पत्र्याच्या तापापासून लांब. भिंतीला खिळा ठोकून त्यावर वेटोळं अडकवू नका. सगळा भार एका बिंदूवर येतो आणि तिथे वायर मुडपते. घराघरात पडलेला ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घ्या आणि तो भिंतीला आडवा पक्का बसवा. त्या रुंद खुंटीवर वेटोळं गोलच्या गोल राहतं. पेटीत ठेवायचं असेल तर जड वायर खाली, माईकची वायर वर. वायरींवर बॉक्स किंवा मशीन ठेवायचं नाही.

उंदराचा बंदोबस्त

ठिबकच्या नळ्या उंदीर कसे कुरतडतात, हे तुम्ही भोगलंच आहे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात आणि ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. खाण्यासारखं नसलं तरी त्याला वायर चालते. म्हणून वायरी धान्याच्या पोत्यांजवळ ठेवू नका. खोलीत प्रसादाचे पदार्थ, फुटाणे सांडलेले नसावेत. कोकणात माडाच्या खोडाला पत्रा ठोकतात तो उंदीर वर चढू नये म्हणून. तीच युक्ती इथे चालते. आढ्याला आडवी सळई टांगा आणि सळई धरणाऱ्या दोन्ही तारांवर ताटाएवढी पत्र्याची चकती बसवा. वायरी त्या सळईवर पाइपचे तुकडे घालून अडकवा. देवळात किंवा समाजमंदिरात विषारी आमिष ठेवण्यापेक्षा पिंजरा लावा. तिथे लहान मुलं येतात, हे विसरू नका.

करंटची वायर म्हणजे खेळ नव्हे

माईकची वायर बिघडली तर आवाज जाईल. मेनची वायर बिघडली तर माणूस जाईल. म्हणून मेनच्या वायरी आणि एक्स्टेन्शन बोर्ड वेगळे ठेवा, त्यांच्यावर लाल रंगाची खूण करा आणि आवरताना त्यांची तपासणी जबाबदार माणसानेच करावी.

आवरणाला चीर दिसली, आतली वायर डोकावू लागली, की ती वायर बाद करा. चिकटपट्टी लावून पुढची जत्रा काढायची नाही. मांडवाखाली गवत ओलं असतं, बायाबापड्या अनवाणी बसतात, पोरं खेळतात. थ्री-पिनमधली अर्थिंगची जाड पिन बोर्डात बसत नाही म्हणून कापून टाकायची वाईट खोड पुष्कळ ठिकाणी आहे. ती पिन म्हणजे जीव वाचवणारी वाट आहे. माईकचं लोखंडी तोंड वायरीच्या जाळीमार्फत मिक्सरच्या डब्याला जोडलेलं असतं. अर्थिंग नसेल आणि मशीनमध्ये वीज उतरली, तर ती गाणाऱ्याच्या ओठापर्यंत येऊ शकते. माईक चुणचुणतोय असं कुणी म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा.

चाकावर गुंडाळलेली एक्स्टेन्शन वायर अर्धी सोडून, अर्धी गुंडाळलेली तशीच ठेवून मोठा भार देऊ नका. गुंडाळलेल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. वापरताना पूर्ण उलगडा. मेन लाईनवर ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवा. वीज गळू लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. आणि आकडा टाकून कार्यक्रम करणं तर मुळातच बंद करा. रीतसर तात्पुरती जोडणी मागता येते.

हिशोब ठेवा

गावच्या सेटच्या वायरी हरवतात, कारण त्यांचा धनी कुणीच नसतो. ग्रामपंचायतीचा सेट असेल तर मशीनबरोबर वायरींचीही नोंद लांबी आणि नगासह जडवस्तू नोंदवहीत असावी. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी एवढं बघावं. मंडळाचा सेट असेल तर एक शंभरपानी वही पुरते. सेट बाहेर जाताना किती वायरी गेल्या, परत किती आल्या, लाल चिंधीच्या किती. दिवस मावळताना शेरडं मोजून आत घेतो, तसंच हे. जो सेट मागून नेईल त्याला वायरी कशा गुंडाळून हव्यात ते आधी दाखवा, आणि कोपरावर गुंडाळून आणल्या तर त्याच्याकडूनच पुन्हा गुंडाळून घ्या. एकदा केलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

मंडळातल्या दोन पोरांवर हे काम नावाने सोपवा. ढोल बडवणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात, शेवटी थांबून वायरी आवरणाऱ्याला कुणी विचारत नाही. जत्रेच्या हिशोबाच्या बैठकीत त्याचंही नाव घ्या. नारळ द्यायचा तर त्यालाही द्या.

लक्षात ठेवा

● आधी आवाज खाली, मग मशीन, मग मिक्सर, मग मेन. त्यानंतरच वायरीला हात.
● कोपरावर गुंडाळू नका. एक वेढा सुलटा, एक उलटा. टोक मधून ओवू नका.
● ओलसर फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, सुती नाडीने सैल बांधा.
● खताची गोणी, खताचे गोदाम आणि गोठा वर्ज्य.
● खिळ्यावर नको, पाइपच्या रुंद खुंटीवर अडकवा. उंदरापासून जपा.
● संशयित वायरीला लगेच लाल चिंधी.
● मेनची चिरलेली वायर बाद करा. अर्थिंगची पिन कापू नका.

हीच रीत विहिरीवरच्या मोटारीच्या सुट्या केबलला आणि फवारणी पंपाच्या लांब नळीलाही लागू आहे. येत्या कार्यक्रमाच्या आधी एक संध्याकाळ काढा, मंडळाच्या सगळ्या वायरी देवळासमोर पसरा आणि मोजा. किती चांगल्या, किती आजारी हे त्या एका संध्याकाळी कळेल, आणि नव्या वायरींसाठी वर्गणी मागण्याआधी जुन्या किती वाचतात तेही समजेल.